माळ्याच्या घरी मेंढरं

डोणगाव,
फाल्गुन, शके १८८७

प्रिय अर्जुन,

तुझं पत्र संक्रांतीला आलं आणि आता होळीच्या गोवऱ्या थापून झाल्या, तरी माझं उत्तर नाही. शालू म्हणाली असेल, बाईला राग आला वाटतं. राग नाही रे. रोज दुपारी कागद घेऊन बसत होते, वर तुझं नाव लिहीत होते, आणि मग बकऱ्या कांद्याच्या वाफ्याकडे निघायच्या किंवा माझाच डोळा लागायचा. आज मात्र विहिरीजवळच्या आंब्याखाली पोतं टाकून बसले आहे. वारा मुळीच नाही. मोहोराचा वास इतका दाट उतरला आहे की मी जागी आहे की झोपेत, हे माझं मलाच सांगता यायचं नाही. बोलताना मी मले-तुले करते आणि लिहायला बसले की चौथीच्या मास्तरांची भाषा हातात येते. हसू नको, तसंच वाच.

तू लिहिलंस, शालूला दिवस गेले आहेत, तिला आई नाही, तेव्हा बाईनं आता मळा हिंमतकाकांना बटईनं द्यावा, बकऱ्या बाजारात न्याव्या, घराला कुलूप घालावं आणि कायमचं मलकापूरला यावं. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, नळ दारात आहे, आणि पुढं म्हातारपणी एकटीनं राहायचं कारण काय. सगळं मायेनं लिहिलं आहेस. वाचून मला रडू आलं, आणि ते रडू नेमकं कशाचं हे कळायला एवढे दिवस लागले. तुला उत्तर देणारच आहे. पण ते एका ओळीत मावत नाही. तू सणाला येतोस, पुरणपोळी खातोस, दुसऱ्या दिवशी मेहकरची मोटार धरतोस. मधल्या तीन हिवाळ्यांत इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर तुला समजायचं नाही.

बकऱ्या आपल्या घरात तुझ्यामुळे आल्या, हे तुला माहीत आहे का? आपण माळी. वांगी, मिरची, कांदा, कोथिंबीर यांवर जगणारं घर. माळ्यानं बकरी पाळणं म्हणजे चोराला राखणीला बसवणं, असं सगळा गाव म्हणायचा. पण आई गेली तेव्हा तू तीन-चार महिन्यांचा होतास आणि गाईचं दूध तुला पचेना. बाबा मेहकरच्या बाजारातून एक बकरी घेऊन आले. आपल्या वऱ्हाडातली होती, तांबूस रंगाची, शिंगापासून नाकापर्यंत दोन्ही बाजूंनी काळी रेघ ओढलेली, जशी कोणी काजळाचं बोट फिरवलं असावं. मी तेव्हा परकर नेसत होते. तुला मांडीवर घेऊन मी तिच्याजवळ बसायची आणि वाटीतलं कोमट दूध कापसाच्या बोळ्यानं तुझ्या तोंडात पिळायची. बकरी मान वळवून तुझ्याकडे बघत रवंथ करायची. तिच्या डोळ्यांतली ती आडवी बाहुली बघता बघता मलाच झोप यायची, आणि आपण तिघंही तसेच भिंतीला टेकून पडायचो. बाबा मळ्यातून आले की आम्हाला न उठवता चूल पेटवायचे.

मग माझं लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षी घरधनी तापात गेले. त्यांचा चेहराही मला आता नीट आठवत नाही, फक्त उंच होते आणि पाठमोरे कसे दिसायचे तेवढं आठवतं. बाबा मला घ्यायला आले तेव्हा वाटेत एवढंच म्हणाले, "बाई, घर तुहंच हाय." तू धावत आलास आणि माझ्या लुगड्यात तोंड घातलंस. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते तू पाहिलंस. तुझी शाळा, तुझं बुलढाण्याचं बोर्डिंग, रेल्वेतली नोकरी, बाबांचं जाणं, तुझं लग्न. मला त्या वर्षांचं दुःख नाही. पण तू गेलास त्यानंतर घरात एक असा शांतपणा आला की भांडं ठेवल्याचा आवाजही माझा मला दचकवायचा. तेव्हा त्या जुन्या बकरीच्या वंशातल्या चार-दोन होत्या, त्यांत मी मराठवाड्याकडून आलेल्या एका माणसाकडून उस्मानाबादी पाठ, न व्यालेली तरणी बकरी, घेतली. काळीभोर, कान लांब, अंगावर नुसती चमक. ती जवळजवळ दर वेताला जुळी देते. आपल्या तांबड्या बकऱ्या दूध कमी देतात, पण काटक. झुडपाच्या काट्यांवर जगतील. काळी जरा लाडाची, ओल सहन होत नाही तिला. पावसाळ्यात मी तिच्या पायाखाली फळ्या टाकते, खूर महिन्याकाठी कापते, कापलेल्या ज्वारीच्या खोडव्याला कोवळे फुटवे फुटले की सगळ्यांना बांधून ठेवते, कारण ते खाऊन जनावर उभ्या उभ्या जातं. हे सगळं मला हळूहळू कळत गेलं. सकाळी त्यांना बांधावरून नेताना चालायची सवय लागली. आधी बांधापर्यंत, मग नाल्यापर्यंत, मग टेकडीपर्यंत. टेकडीवर बसलं की पलीकडे आणखी टेकड्या दिसतात, निळ्या, एकामागे एक. त्यांच्या मागे काय असेल, असं मला पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा वाटलं.

मळ्याची खालची पट्टी थकली होती. बाबा असताना दर हिवाळ्याला तिथं मेंढ्या बसायच्या, ते गेल्यावर कोणी बोलावल्याच नव्हत्या. लेंडीखत आणि मुताचा ओलावा जमिनीला जो कस देतो तो गाडीभर शेणखत देत नाही, हे तूही ऐकलं आहेस. म्हणून तीन हिवाळ्यांपूर्वी दिवाळी झाल्यावर मी निरोप धाडला, आणि दुसरबीडकडचा एक मेंढपाळ आपला कळप घेऊन आला. इंद्रभान त्याचं नाव. सोबत त्याची म्हातारी आई मनकर्णाबाई, एक घोडं, दोन कुत्री आणि काळ्या दख्खनी मेंढ्यांचा असा लोंढा की पट्टीची जमीन दिसेनाशी झाली. त्यांनी संध्याकाळी सुताचं जाळं खुंट्यांवर ताणलं, मेंढ्या आत घेतल्या, आणि रोज सकाळी जाळं उचलून पुढच्या तुकड्यावर नेलं. बदल्यात मी ज्वारी आणि डाळ द्यायची. बोलणं सगळं म्हातारीच करायची. तो भाकरी घ्यायला यायचा तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, आणि मी "घ्या, भाऊ" म्हणायची.

त्या पहिल्या हिवाळ्याचं मला काय आठवतं, तर धुकं. पहाटे उठून मी मागचं दार उघडायची आणि खालच्या पट्टीवर धुकं बसलेलं असायचं, त्यातून नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. मेंढी एकही दिसायची नाही. मग सूर्य वर आला की आधी पाठी दिसायच्या, काळ्या, दवानं चमकणाऱ्या, आणि त्यांच्या मधे कमरेपर्यंत धुक्यात उभा असलेला माणूस. तो एकेका कोकराला त्याच्या आईपाशी पाजायला सोडत असायचा. इतकी कोकरं, सगळी सारखीच काळी, पण त्याची चूक व्हायची नाही. मी त्याला विचारलं, कशी ओळखतो. तो म्हणाला की आईच ओळखते, आपण नुसतं सोडायचं.

संक्रांतीनंतर ते गेले. त्या उन्हाळ्यात खालच्या पट्टीवरची वांगी तू पाहिलीस, एवढाली. तू म्हणालास बाई कसलं खत घातलं. मी म्हणाले मेंढ्यांचं. तेवढंच म्हणाले.

दुसऱ्या हिवाळ्याला ते आले तेव्हा कळपात एक नवा पाहुणा होता, सरकारी मेंढा. पशुवैद्यकीय खात्याच्या साहेबांनी दिलेला, परदेशी रक्ताचा, पांढराशुभ्र, लोकर अशी की हात आत जातच राहावा. साहेब भला माणूस होता, लस टोचायला स्वतः पायी आला होता. दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिच्या घोंगडीला पाऊस शिवत नाही पण अंगाला टोचते. या मेंढ्याच्या पिलांची मऊ होईल, असं त्याचं म्हणणं. पण तो मेंढा काट्यांत अडकायचा, दुपारचं ऊन लागलं की धापा टाकायचा. मनकर्णाबाई त्याला जावई म्हणायची. शेवटी मी म्हटलं, दुपारचा त्याला आमच्या आंब्याखाली बांधा. म्हणून दुपार झाली की इंद्रभान त्याला घेऊन यायचा, दोरी बुंध्याला बांधायचा, आणि चार घटका तिथंच बसायचा. मी कांदे निवडत असायची. कधी बोलणं व्हायचं, बहुतेक वेळा नाही. त्यानं सांगितलं की त्याची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, लेकरूही गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा ते अजिंठ्याच्या डोंगराकडे होते आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्यांसाठी पुढं चालावंच लागलं. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. पण त्यानंतर मला भाऊ म्हणवेना. काय म्हणावं तेही सुचेना, म्हणून मी काहीच न म्हणता भाकरी पुढं करायला लागले.

त्या वर्षीची गारपीट तुला मी पत्रात दोन ओळींत कळवली होती, की कौलं फुटली आणि आंब्याचा मोहोर गेला. आता सगळं सांगते. फाल्गुन होता, असेच दिवस. जेवणं झाली आणि पश्चिमेकडून आभाळ पिवळं व्हायला लागलं, मग हिरवट. पाखरं गप्प झाली. माझ्या बकऱ्या आपोआप गोठ्यात शिरल्या. मेंढ्या हरभरा निघालेल्या वरच्या शेतात होत्या. पहिली गार अंगणात पडली ती लिंबाएवढी होती, आणि ती पडल्यावर क्षणभर काहीच झालं नाही, जसं कोणी आधी एकच टाकून बघावं. मग सगळं आभाळ कोसळलं.

मी डोक्यावर घमेलं घेतलं आणि निघाले. काऊन निघाले, ते विचारू नको, पाय निघाले. जाताना गोठ्यातून उस्मानाबादीला ओढलं. मेंढी मार पडला की पळत नाही, रे. एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून जागच्या जागी उभ्या राहतात आणि तशाच मरतात. पण बकरी पुढं चालली तर मागं येतात, हे मला मनकर्णाबाईनंच सांगितलं होतं. शेतात पोचले तर इंद्रभान त्यांना ढकलत होता, हाका मारत होता, त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं, आणि ती काळी रास हलत नव्हती. जमीन पांढरी झाली होती. मी बकरीची दोरी सोडली आणि तिला घराकडं तोंड करून एक रपाटा दिला. ती ओरडत सुटली. एक मेंढी तिच्या मागं वळली. मग दुसरी. मग त्या पांढऱ्या शेतावरून एक काळी वाट आपल्या घराकडं वाहायला लागली. मी आजवर पाहिलेलं सगळ्यांत सुंदर ते होतं, असं म्हटलं तर तुला वेड वाटेल. माझ्या पाठीवर, हातांवर मार पडत होता आणि मी ते बघत उभी होते.

म्हातारी जाळ्याजवळ सापडली. नवी कोकरं डालग्याखाली झाकलेली होती आणि ती त्या डालग्यावर पालथी पडून होती. खांदा मोडला होता. इंद्रभाननं आईला उचललं, मी कोकरं पदरात घेतली, आणि आम्ही घरात आलो.

घरात, अर्जुन, आपल्या घरात. मी सगळी दारं उघडी टाकली. ओसरी भरली, माजघर भरलं, धान्याची खोली भरली. बाबांच्या पलंगावर तो सरकारी मेंढा उभा. चुलीभोवती कोकरं, त्यांच्या अंगातून वाफ निघत होती, ओल्या लोकरीचा तो वास सगळ्या घराला गुंडाळून बसला होता. वर कौलं फुटत होती आणि खाली शेकडो जनावरं एका लयीत श्वास घेत होती, जणू घरच श्वास घेत होतं. म्हातारीचा खांदा बांधून तिला मी माझ्या अंथरुणावर निजवलं. इंद्रभान दाराच्या आत, जमिनीवर बसला होता. पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. मी त्याच्या कपाळावर हळद दाबली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. गारा थांबल्यानंतरही आम्ही दोघं बराच वेळ उठलो नाही. बाहेर काय गेलं असेल ते बघायला जायचं होतं, आणि ते थोडा वेळ पुढं ढकलावं असं दोघांनाही वाटत होतं.

बऱ्याच मेंढ्या गेल्या. त्या मी मोजल्या नाहीत, त्यानंही माझ्यासमोर मोजल्या नाहीत. हिंमतकाका दुसऱ्या दिवशी आले, घराची दशा पाहिली आणि म्हणाले की माळ्याच्या घरी मेंढरं कोंडलेली त्यांच्या बापजन्मात कोणी पाहिली नाहीत. पण म्हातारीसाठी हाड बसवणारा माणूस त्यांनीच बोलावून आणला, हेही खरं.

गारांनी चारा झोडपला होता, मेंढ्यांना पुढं नेणं भाग होतं. म्हातारी चालू शकत नव्हती. इंद्रभान तिला माझ्याकडं सोपवून गेले. आता लिहिताना "गेले" असं लिहून झालं. राहू दे, खोडत नाही.

मनकर्णाबाई पाऊस लागेपर्यंत माझ्याकडं होती. तू त्या उन्हाळ्यात आला नाहीस, तुझी बदली झाली होती, म्हणून तुला दिसली नाही. आमचे दिवस कसे गेले म्हणशील तर झोपाळ्यावर बसल्यासारखे गेले. एका हातानं तिला चातीवर सूत काढता येत नव्हतं, म्हणून ती लोकर धरायची आणि मी फिरवायची. आधी माझं सूत गाठींचं यायचं. नंतर ते इतकं आपोआप यायला लागलं की मी फिरवता फिरवता स्वप्न बघायची, उघड्या डोळ्यांनी. म्हातारी सांगत असायची, कुठल्या डोंगराखाली कोणतं पाणी गोड, कुठल्या गावची माणसं ताक देतात, कातरणीच्या आधी मेंढ्यांना नदीत कसं धुवायचं, व्यालेल्या मेंढीनं कोकरू झिडकारलं तर तिला कसं वळवायचं. ती गावांची नावं अशी घ्यायची जशी आपण घरातल्या खोल्यांची घेतो. मला वाटायचं, हिचं घर केवढं मोठं आहे. बाजाराच्या दिवशी कधीमधी ते आईला बघायला यायचे, दोन-तीन कोसांवरून पायी. आईजवळ बसायचे, आणि निघताना माझ्या बकऱ्यांचे खूर बघून जायचे.

जायच्या आदल्या दिवशी म्हातारीनं मला जवळ बसवलं. म्हणाली, "पोरी, तू आतापर्यंत दुसऱ्याची लेकरं वाढवली, दुसऱ्याचं घर राखलं. आता सोतासाठी काही मागशीन का नाही?" मी म्हणाले, मला काय मागायचं. ती म्हणाली, "मंग मीच मांगते. माह्या पोराच्या वाड्यावर, मेंढरामांगच्या संसारात, येशीन काय?" मी उठून बकऱ्यांना पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी इंद्रभान तिला घोड्यावर बसवून घेऊन गेले, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

तो पावसाळा मी कसा काढला ते लिहीत नाही. एवढंच सांगते की दिवाळीनंतर मला कुठलीही घंटा ऐकू आली तरी मी मागच्या दाराशी जायची. बैलाची असली तरी. या वर्षी ते उशिरा आले. मार्गशीर्ष अर्धा झाला होता. सरकारी मेंढ्याची पिलं आता मोठी झाली आहेत, करड्या रंगाची, लोकर ना राठ ना मऊ, आणि आईसारखी काटक. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा ते जवळ येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, "माय म्हणते म्हणून नाही पुसून राह्यलो. मले पुसायचं हाय म्हणून पुसून राह्यलो. जलमभर चालनं हाय. डोक्यावर छप्पर पावसाळ्यापुरतंच. लोकं बोलतीन. येशीन त माह्यासाठी येजो. नाही आली तरी मी दरसाल मेंढरं बसवाले येईनच, त्याच्यात फरक नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं माझं ठरलं, अर्जुन. आपल्याला नाही म्हणायची मोकळीक देऊन कोणी विचारावं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी म्हणाले, "माह्या बकऱ्या सोबत येतीन." ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

हिंमतकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते धनगर आणि आपण माळी, विधवेचा पाट, दुसरं लग्न, आपल्यात लागतो पण जातीबाहेर कोणी ऐकला आहे का, असं ते म्हणाले. भाऊबंदकी तुटेल, घरचं पाणी कोणी घेणार नाही. ओरडले नाहीत. शेवटी खाली बघून म्हणाले, "अर्जुनाले तोंड दाखवाले जागा ठेव, केसर." त्या एका वाक्याशी मी सगळा माघ भांडत होते. तुझ्या सासरचे काय म्हणतील, उद्या तुझ्या लेकराच्या सोयरिकीला हे आडवं येईल का, सगळं मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू, एकदा असंही वाटलं की सरळ मलकापूरला यावं, नळाचं पाणी भरावं, तुझं बाळ मांडीवर घ्यावं. तेही सुखाचंच आहे. पण ते माझं करून झालेलं सुख आहे. ज्या टेकड्यांच्या मागं काय आहे ते मला बघायचं आहे, आणि ज्यांच्यासोबत बघायचं त्यांनी वाट बघण्याचं कबूल केलं आहे. शालूच्या बाळंतपणाला मी येईन, ती तारीख पावसाळ्यात येते आणि तेव्हा कळप दुसरबीडलाच असतो. तिला सव्वा महिना उठू देणार नाही. मात्र कायमची येणार नाही. मळा तुझा आहे, तो काकांना दे किंवा कोणालाही दे. मला त्यातलं काही नको.

आता हे पत्र कशासाठी ते. पाडव्यानंतरच्या रविवारी, सकाळी, पाट लावायचा ठरला आहे. देवळात नको असं गावानं सांगितलं, म्हणून आपल्या मळ्यातच. मनकर्णाबाई आहे, त्यांचे चार लोक आहेत. माझ्या बाजूनं कोणी नाही. तुझी परवानगी मी मागत नाही, तू लहान आहेस आणि मी ठरवलं आहे. मला कोणी हाताला धरून द्यावं, असंही नाही; पहिल्या खेपेला बाबांनी दिलं होतं, या खेपेला मी माझी जाते आहे. पण त्या दिवशी दुपारी कळप उठेल आणि मी त्याच्यामागं चालायला लागेन, तेव्हा मला एकदा मागं वळून बघावंसं वाटेल. गाव म्हणेल, केसर निघून गेली. निघून गेली आणि निरोप घेऊन गेली, यांत केवढं अंतर आहे ते तुला सांगायला नको. तू काही बोलू नको, काही आणू नको, काकांशी भांडू नको. आदल्या संध्याकाळच्या मोटारीनं ये, आणि मी वळेन तेव्हा बांधावर उभा राहा. तू दिसलास की मी पुढं बघून चालू लागेन.

कुठल्याही बांधावर असले तरी तुझीच,

बाई